दोन स्क्रीन लावल्यापासून मान धरते, सुटते, पुन्हा धरते: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

तक्रार साधारण अशी येते. ऑफिसने दुसरा मॉनिटर दिला, काम सुटसुटीत झालं आणि काही आठवड्यांत मान एका बाजूने धरायला लागली. मग बाम, गरम पाण्याची पिशवी, एखादी गोळी. शनिवार-रविवार बरे जातात आणि सोमवारी दुपारच्या चहापर्यंत मान पुन्हा आखडते. मग खुर्ची बदलून मागितली जाते. नवी खुर्ची येते, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका ऑफिसात मी आयटी सपोर्टला आहे. मॉनिटर बसवायचं काम आमचं, त्यामुळे मान कुणाचीही दुखो, बोट आमच्याकडे. या तक्रारी इतक्या एकसारख्या असतात की खुर्चीचा विषय निघाला की मी आधी विचारतो, "तुमचं मुख्य काम कुठल्या स्क्रीनवर उघडं असतं?" बऱ्याच जणांना पटकन सांगता येत नाही. दुखणं उलटण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. टेबलावर स्क्रीन किती आहेत याला फार महत्त्व नाही. तुमचा दिवस ज्या स्क्रीनवर जातो ती नाकासमोर आहे की नाही, हे बघायचं. ती बाजूला असेल तर खुर्ची बदलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आधी हे वगळा

बोटांना मुंग्या येतात, हातातून कप निसटतो, कळ खांद्यातून कोपराखाली उतरते, चालताना तोल जातो, ताप आहे, किंवा दुखण्याने रात्री झोप मोडते, यातलं काहीही असेल तर मॉनिटर हलवत बसू नका. सरळ डॉक्टरांकडे जा. पडल्यानंतर किंवा गाडीचा धक्का बसल्यानंतर सुरू झालेलं दुखणंही त्यातच धरा.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान कडकन मोडून घ्यायची सवय मुंबईत पुष्कळांना आहे. मान धरलेली असताना तर "एक झटका दे रे" असं आवर्जून सांगितलं जातं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेतूनच जातात आणि असा झटका त्यांना इजा करू शकतो. तेल-मालिश हवी तर करून घ्या, झटका नको.

मांडणीच दोषी आहे का, ते ठरवा

ज्या बाजूला दुखतं त्याच बाजूची स्क्रीन दोषी, असा सगळ्यांचा समज असतो. तसं असेलच असं नाही. मान डावीकडे वळवताना डाव्या बाजूचे मागचे स्नायू काम करतात, पण त्यासोबत कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा उजवा स्नायूही काम करतो. त्यामुळे दिवसभर डावीकडे बघून उजवी बाजू धरलेली माणसंही सापडतात. दुखऱ्या बाजूवरून तर्क लढवण्यापेक्षा चाचणी करा.

चाचणी सोपी आहे. बाजूचा मॉनिटर उजवीकडे असेल तर तीन-चार कामाचे दिवस तो डावीकडे ठेवा. डिस्प्ले सेटिंगमध्येही त्याचा चौकोन डावीकडे ओढा, नाहीतर माउसचा पॉइंटर उलट्या दिशेला पळेल. बाकी काही बदलू नका. खुर्ची तीच, चष्मा तोच, उशी तीच. दुखण्याने जागा बदलली तर मांडणीच दोषी, असं बहुधा समजायला हरकत नाही. काहीच फरक पडला नाही तर माउस किंवा मोबाइलकडे वळा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुसरी तपासणी म्हणजे फोटो. शेजारच्याला सांगा, चार-साडेचारच्या सुमारास न सांगता मागून एक आणि बाजूने एक फोटो काढ. सकाळी सगळेच ताठ बसतात, त्या फोटोचा उपयोग नाही. मागून काढलेल्या फोटोत तीन गोष्टी बघा: खुर्चीची पाठ, खांदे आणि डोकं. तिन्हींचं तोंड एकाच दिशेला असलं पाहिजे. खुर्ची एकीकडे, डोकं दुसरीकडे आणि मधे खांदे पिळलेले असतील तर गुन्हेगार सापडला. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते खांद्यांवर सरळ तोललेलं असतं तेव्हा जाणवत नाही. पुढे झुकलेलं किंवा वळलेलं राहिलं की मानेच्या स्नायूंना ते दिवसभर धरून ठेवावं लागतं.

टेबलावरचं गणित

चोवीस इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो. तुम्ही स्क्रीनपासून ६५ सेंटिमीटरवर, म्हणजे हात लांब केल्यावर बोटं जेमतेम टेकतील इतक्या अंतरावर बसलात असं धरू. एक मॉनिटर बरोबर समोर आहे आणि दुसरा त्याला लागून, सपाट एका रेषेत. आता दुसऱ्याचा मध्य बघायला नजर सुमारे ४० अंश वळवावी लागते आणि त्याच्या लांबच्या कडेला ५० अंशांच्याही पुढे. त्यातली थोडी वळवणूक डोळे करतात, उरलेली मान करते. शिवाय ती लांबची कड तुमच्यापासून एक मीटरहून थोडी जास्तच दूर जाते. म्हणजे समोर ६५ सेंटिमीटर आणि तिथे १०० च्या वर. दर वेळी डोळ्यांना फोकस बदलावा लागतो आणि तिथलं बारीक अक्षर वाचायला माणूस नकळत पुढे झुकतो.

दोन्ही मॉनिटरचा जोड नाकासमोर आणला तर प्रत्येकाचा मध्य सुमारे २३ अंशांवर येतो आणि लांबची कड ४० च्या आत. ऐकायला हे छान वाटतं, आणि कित्येक ऑफिसांत सगळ्यांना सरसकट अशीच मांडणी करून दिली जाते. पण यात एक गोम आहे. तुमचं बहुतेक काम त्यातल्या एकाच स्क्रीनवर होत असेल तर तुम्ही दिवसभर २३ अंश एकीकडे बघत बसणार आणि नाकासमोर काय, तर प्लास्टिकची काळी कड. सतत तेच दुखणं घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण याच मांडणीतले असतात. दिसायला टेबल अगदी नीटनेटकं असतं, म्हणून कुणाला संशय येत नाही.

म्हणून आधी तासाभराची नोंद करा. कागदावर दोन रकाने, आणि ज्या स्क्रीनकडे बघत असाल त्या रकान्यात दर पाच मिनिटांनी एक रेघ. गजर लावा, अंदाजाने भरू नका. विचारल्यावर जवळजवळ प्रत्येक जण "दोन्हीकडे सारखंच" म्हणतो आणि रेघा मात्र एकाच रकान्यात पडतात.

रेघा एकीकडे जास्त असतील तर तो मॉनिटर बरोबर समोर घ्या. दुसरा त्याला चिकटवून, तुमच्याकडे तोंड करून तिरका लावा, पुस्तक अर्धवट उघडल्यासारखा. दोन्ही स्क्रीन डोळ्यांपासून सारख्याच अंतरावर आल्या पाहिजेत. तिरक्या मॉनिटरवर मेल, चॅट, कॅलेंडर असं येता-जाता बघायचं काम ठेवा. आणि कीबोर्ड विसरू नका. उजवीकडे आकड्यांचा भाग असलेला कीबोर्ड टेबलाच्या मध्यावर ठेवला की अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो आणि त्याच्यामागे तुम्हीही. जी आणि एच या कळांच्या मधली फट बेंबीसमोर आणि त्याच रेषेत मुख्य मॉनिटरचा मध्य, अशी रेष जुळवा.

खरोखर निम्मं-निम्मं काम असणारे लोकही आहेत. अकाउंट्समध्ये एका स्क्रीनवर बिलाची पीडीएफ आणि दुसऱ्यावर टॅलीतली एंट्री असं दिवसभर चालतं, तिथे नजर सारखी इकडून तिकडे जाते. त्यांना जोड नाकासमोर ठेवलेली मांडणी बरी पडते, फक्त दोन्ही मॉनिटर आतल्या बाजूला वळवून. पण त्यांच्यासाठी याहून चांगला उपाय म्हणजे बिलाचा मॉनिटर उभा करणं. चोवीस इंची उभा केला की रुंदी जेमतेम ३० सेंटिमीटर राहते, पूर्ण ए-फोर पान एका नजरेत येतं आणि नजरेचा प्रवास आखूड होतो. त्याची उंची मात्र ५३ सेंटिमीटर होते, म्हणून तो जितका खाली बसेल तितका बसवा. वरच्या ओळी वाचायला हनुवटी उचलावी लागली तर एक दुखणं घालवून दुसरं आणल्यासारखं होईल.

एकच रुंद स्क्रीन घ्यावी का, असंही विचारतात. ३४ इंची रुंद मॉनिटर साधारण ८० सेंटिमीटरचा असतो. त्याच ६५ सेंटिमीटरवरून त्याच्या कडा सुमारे ३२ अंशांवर येतात आणि मधे जोड नसतो. मानेच्या दृष्टीने दोन चोवीस इंचीपेक्षा मला तो जास्त पटतो. अडचण एकच: मीटिंगमध्ये पूर्ण स्क्रीन शेअर केली की समोरच्याला लॅपटॉपवर मुंगीएवढी अक्षरं दिसतात, म्हणून तेवढी एकच विंडो शेअर करायची सवय लावावी लागते.

वर लावलेल्या स्क्रीन

दलाल स्ट्रीट असो की बीकेसी, शेअर बाजाराचं काम करणाऱ्यांच्या टेबलावर चार-सहा स्क्रीन असतात, खाली दोन-तीन आणि वर तितक्याच. सव्वानऊ ते साडेतीन त्यांना नजर काढता येत नाही, त्यामुळे "मधे मधे उठा" हा सल्ला त्यांना देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी नियम एकच: ऑर्डर टाकायची स्क्रीन खालच्या रांगेत, नाकासमोर. वरच्या रांगेत फक्त अशी गोष्ट जिच्याकडे क्वचितच बघावं लागतं. कडेला बघण्यापेक्षा वर बघणं मानेला जास्त जड जातं. वर बघताना डोळेही जास्त उघडे राहतात, म्हणून लवकर कोरडे पडतात. त्यात एसीचा झोत समोरून येत असेल तर संध्याकाळी डोळे चुरचुरणारच. एरवी पापण्या मिनिटाला साधारण १५ वेळा लवतात, स्क्रीनकडे टक लावून बघताना ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. एसीच्या जाळीची पट्टी दुसरीकडे वळवून घेणं हे फुकटात होणारं काम आहे, फॅसिलिटीवाल्यांना एक फोन करायचा.

उंची, आणि चाळिशी लागली असेल तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी खुर्चीची उंची कोपरावरून ठरवा: खांदे सैल सोडून कीबोर्डवर हात ठेवले की कोपर साधारण काटकोनात. मग पाय. आपल्याकडची ऑफिसची टेबलं बहुधा ७५ सेंटिमीटर उंचीची आणि न हलणारी असतात. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला ती सरळ सरळ उंच पडतात. ती खुर्ची वर घेते, मग पाय लोंबकळतात, मग ती पुढे सरकून कडेवर बसते आणि पाठीचा आधार सुटतो. तिला नव्या खुर्चीचा उपयोग नाही, पाय ठेवायला पाट हवा. तो मागा आणि मिळेपर्यंत फोटोकॉपीच्या कागदाची बंद रीमं पायाखाली घ्या.

मॉनिटरची उंची सगळ्यात शेवटी, कारण खुर्ची वर-खाली झाली की डोळे वर-खाली होतात. ताठ बसून समोर बघा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. दोन मॉनिटर वेगवेगळ्या मापाचे असतील तर वरच्या कडा एका रेषेत आणा. पाचशे कागदांचं एक रीम साधारण पाच सेंटिमीटर जाड असतं, मोजायला आणि टेकू द्यायला ते पुरतं.

आता चष्मा. चाळिशीनंतर दुखणं सुरू झालं असेल आणि तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर वरचा नियम जसाच्या तसा लावू नका. त्या काचेत लांबचं वरून, जवळचं खालून आणि स्क्रीनच्या अंतराचं मधल्या एका अरुंद पट्ट्यातून दिसतं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिमा वाकडीतिकडी होते. एका स्क्रीनवर हे निभावून जातं. दोन स्क्रीन आल्या की नुसते डोळे फिरवून दुसरीकडचं स्पष्ट दिसत नाही, दर वेळी पूर्ण डोकं फिरवावं लागतं. आणि स्क्रीन उंच असेल तर काचेच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी वर उचलली जाते. बाजूने काढलेल्या फोटोत हे लगेच दिसतं.

अशांनी मॉनिटर खाली घ्यावा, टेकूची रीमं काढून टाकावीत आणि वरची कड मागे झुकवावी. रोज सहा-सात तास बसायचं असेल तर फक्त संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेणं उत्तम. दुकानात जाताना डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या. "कॉम्प्युटरसाठी पाहिजे" एवढंच सांगितलं की बऱ्याचदा निळा प्रकाश अडवणारी काच गळ्यात मारली जाते. तिने मानेचं काही होणार नाही.

लॅपटॉपही एक स्क्रीनच आहे

"माझ्याकडे दोनच स्क्रीन आहेत" म्हणणाऱ्याच्या टेबलावर बऱ्याचदा दोन मॉनिटर आणि कोपऱ्यात उघडा लॅपटॉप असतो. टीम्स तिथे चालू, कॅमेराही तिथलाच. दुपारभर मीटिंगा असतात आणि माणूस तिरक्या मानेने खाली बघत बोलत राहतो. मॉनिटर कितीही नीट लावा, ही मीटिंगची मानच दुखते.

शक्य असेल तर लॅपटॉप मिटून ठेवा आणि मुख्य मॉनिटरवर वेगळा कॅमेरा लावा. कॅमेरा मिळत नसेल तर लॅपटॉप स्टँडवर घेऊन मुख्य मॉनिटरशेजारी, त्याच उंचीला आणा. शिवाय अक्षरांचं माप बघा. चौदा इंची लॅपटॉपच्या फुल एचडी पडद्यावर इंचाला सुमारे १५७ ठिपके असतात, चोवीस इंची मॉनिटरवर तेवढ्याच फुल एचडीत ९२. स्केल, म्हणजे पडद्यावर सगळं किती मोठं दिसावं याची टक्केवारी, दोन्हीकडे सारखं ठेवलं की लॅपटॉपवरचं अक्षर बारीक दिसतं आणि माणूस वाकतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये लॅपटॉपचं स्केल १५० टक्क्यांवर नेऊन बघा. एकाच ओळीतला मजकूर दोन्ही स्क्रीनवर न झुकता वाचता आला म्हणजे झालं. उजेडही सारखा करा. दोन्हीकडे पांढरं पान उघडून शेजारी कोरा कागद धरला की कोणती स्क्रीन दिव्यासारखी पेटलेली आहे ते कळतं.

टेबलाखालची अडगळ

हे फारसं कुणी तपासत नाही. मान वळवण्यापेक्षा खुर्चीसकट वळावं, हा सल्ला बरोबर आहे. पण वळायला पाय मोकळे हवेत. मुंबईच्या ऑफिसात टेबलाखाली एका बाजूला ड्रॉवरचं कपाट, दुसऱ्या बाजूला सीपीयू, मधे पाठपिशवी, डब्याची पिशवी, आणि जून ते सप्टेंबर ओली छत्री आणि चपला. गुडघे एका फटीत अडकलेले. कंबर जिथे अडकली तिथेच राहते आणि वरून नुसती मान फिरते. सीपीयू टेबलाच्या कडेला हलवता येतो, केबल लांब घेतली की झालं. बाकीच्यासाठी लॉकर मागा किंवा मागे एक खुंटी.

ठीक झालेलं पुन्हा का बिघडतं

एकदा नीट लावूनही महिना-दोन महिन्यांत तक्रार परत येते, त्याची कारणं मला ठरावीक दिसतात.

पहिलं कारण ऊन. काचेच्या इमारतीत पश्चिमेकडे बसत असाल तर चारनंतर स्क्रीनवर झळाळी येते. माणूस काय करतो, तर मॉनिटर थोडा वळवतो आणि मग तोच कोन कायम होतो. यात ऋतूंचा खेळ आहे. मुंबईत जूनच्या अखेरीस सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेला. म्हणजे सहा महिन्यांत उन्हाची दिशा जवळजवळ ५० अंशांनी सरकते. पावसाळ्यात ढगांमुळे काहीच जाणवत नाही, सगळं छान चालतं. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि पुढे दिवाळीच्या सुमारास ते खाली उतरून आतपर्यंत यायला लागलं की तक्रारी सुरू. म्हणून पावसाळ्यात केलेली मांडणी नोव्हेंबरमध्ये पुन्हा तपासायची. खिडकी स्क्रीनच्या पाठीमागेही नको आणि तुमच्या पाठीमागेही नको, ती बाजूला हवी. टेबल फिरवता येत नसेल तर पडदा ओढा, पण मॉनिटर फिरवू नका.

दुसरं, हात लागणं. संध्याकाळी हाउसकीपिंगच्या मावशी टेबल पुसतात, मॉनिटर थोडा सरकतो. त्यांचा दोष नाही, पुसायचं तर हलवावंच लागणार. स्टँडच्या पायाच्या कोपऱ्यांना टेबलावर रंगीत टेपचे दोन तुकडे चिकटवून ठेवा. सकाळी आल्यावर एका नजरेत कळतं.

तिसरं, मॉनिटर आर्म, म्हणजे टेबलाला कसलेला मॉनिटर धरणारा हलता दांडा. स्प्रिंगचा आर्म लावला आणि मॉनिटर दिवसागणिक हळूहळू खाली येतो, ही आमच्याकडची सगळ्यात जुनी तक्रार. लोक त्याला रोज वर ढकलतात. त्यात एक ताण बदलायचा स्क्रू असतो, अ‍ॅलन कीने फिरवायचा. मॉनिटर आपोआप खाली येत असेल तर ताण वाढवा, आपोआप वर उचलला जात असेल तर कमी करा. एवढं करूनही थांबत नसेल तर मॉनिटरचं वजन त्या आर्मच्या मर्यादेबाहेर असू शकतं. लॅमिंग्टन रोडवरून स्वतः आर्म आणणार असाल तर आधी मॉनिटरच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर मोजा. ते बहुधा १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिलिमीटर असतं. काही स्वस्त मॉनिटरना भोकंच नसतात. पार्टिकल बोर्डच्या पातळ टेबलावर क्लॅम्प कसताना खाली धातूची पट्टी द्या, नाहीतर बोर्ड दबतो आणि आर्म एका बाजूला कलतो.

चौथं कारण रोज बदलणारी जागा. जिथे टेबल ठरलेलं नाही तिथे काल बसलेला सहा फुटी आणि आज तुम्ही. तुमची मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवा: टेबलापासून डोळ्यांपर्यंतची उंची आणि स्क्रीनचं अंतर. खिशात टेप नसला तरी स्वतःची वीत असतेच, विती मोजून लिहा. बसल्या बसल्या दोन मिनिटांत सगळं लावून होतं.

आणि पाचवं आमचं खातं, सॉफ्टवेअर. डॉकला, म्हणजे लॅपटॉपला मॉनिटर जोडणाऱ्या डबीला, लावलेल्या दोन केबलांची अदलाबदल झाली, किंवा डॉक बदलला, की विंडोज कधी कधी मुख्य स्क्रीनच बदलतं. टास्कबार, नोटिफिकेशन आणि नव्या विंडो बाजूच्या मॉनिटरवर यायला लागतात. माणूस कुरकुरत तिथेच काम सुरू करतो आणि आठवड्याने मान धरते. डिस्प्ले सेटिंगमध्ये जा, 'आयडेंटिफाय' दाबा, पडद्यावर आकडे येतील. चौकोन टेबलावर जसे आहेत तसे ओढा, समोरचा निवडून तो मुख्य डिस्प्ले करा. विंडोज ११ मध्ये 'मल्टिपल डिस्प्लेज'खाली विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. आणि एक शॉर्टकट हाताला बसवून घ्या: विंडोज की, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण. विंडो उडी मारून दुसऱ्या स्क्रीनवर जाते. वाचायचं असेल तर काम समोर आणायचं, मान कामाकडे न्यायची नाही.

मान ठीक, खांदा दुखतो

उजवा खांदा भरून येत असेल आणि मान मोकळी असेल तर माउसकडे बघा. दोन स्क्रीनवर पॉइंटरचा प्रवास दुप्पट होतो. वेग जुनाच असला की माणूस माउस उचलून उचलून ओढतो. पॉइंटरचा वेग थोडा वाढवा. आकड्यांचा भाग वापरत नसाल तर तो नसलेला छोटा कीबोर्ड घ्या, माउस आठ-नऊ सेंटिमीटर आत येतो. सेटिंगमध्ये दोन चौकोन वर-खाली असतील तर पॉइंटर कोपऱ्यात अडतो, तेही जुळवून घ्या. आणि फोन मान-खांद्यात धरून टायपिंग करणाऱ्यांनी हेडसेट मागावा, त्यावर दुसरा उपाय नाही.

सगळं बरोबर, तरी दुखतं

मग ऑफिसबाहेर बघा. विरार किंवा कल्याणहून येणारा माणूस लोकलमध्ये जाऊन-येऊन दोन-अडीच तास मान खाली घालून मोबाइल बघतो, तेही गर्दीत उभा राहून, एका हाताने कडी धरून. ऑफिसच्या टेबलाला तेवढा दोष देता येत नाही. आठवडाभर मोबाइल खिशात ठेवून फक्त ऐका, गाणी किंवा बातम्या, आणि फरक बघा. घरून काम असलेल्या दिवशी पलंगावर लॅपटॉप घेऊन बसत असाल तर तो दिवसही या हिशेबात धरा.

उठण्याबद्दल फार बोलत नाही. दर २० मिनिटांनी २० सेकंद, साधारण सहा मीटर लांबचं काहीतरी बघायचं, हा नियम डोळ्यांसाठी चांगला आहे. मानेसाठी अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाण्याची बाटली भरून आणलीत तरी पुरे. बाटली मुद्दाम लहान ठेवा.

बदल केल्यावर दोन आठवडे द्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. दोन आठवड्यांनीही जराही उतार नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि जाताना ते चार वाजताचे फोटो सोबत न्या.

तिकीट, म्हणजे ऑफिसच्या सिस्टिमवरची लेखी तक्रार, टाकताना "मान दुखते, खुर्ची बदला" एवढंच लिहू नका. त्यावर अ‍ॅडमिन खुर्चीच पाठवणार. असं लिहा: "मुख्य काम एक्सेलवर, ते उजव्या मॉनिटरवर उघडतं आणि तो मॉनिटर बाजूला आहे. तो समोर हवा. मॉनिटर २४ इंची, पाठीवर १०० बाय १०० ची भोकं आहेत. टेबल ७५ सेंटिमीटर, पाय जमिनीला टेकत नाहीत, पाट हवा. पश्चिमेच्या खिडकीचा पडदा अर्ध्यावर अडकतो." असं तिकीट आलं की आमचा माणूस अ‍ॅलन की, पाट आणि शिडी घेऊन एकाच फेरीत येतो.